आधी पिकूंच्या जागा, मग स्वतःच्या

(वाचकांचे प्रश्न : संगीत)

मागच्या अंकात नेदरलँड्समधल्या माझ्या नऊ वर्षांबद्दल आणि तिथे चाळिशीत शिकायला घेतलेल्या क्लॅरिनेटबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांपैकी चार पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : युरोपातली आजची तरुण मुलं वाजवतात ते जुनं, पारंपरिक जॅझ. म्हणून या वेळी तेच घेते.

माझ्या भाच्याने बार्सिलोनामधल्या लहान मुलांच्या एका जॅझ बँडचा व्हिडिओ दाखवला. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ट्रम्पेट खाली ठेवते आणि लगेच गायला लागते. कौतुक वाटलं, पण एक शंकाही आली. हे संगीत शंभर वर्षांपूर्वीचं, तेही अमेरिकेतलं. युरोपातल्या आजच्या मुलांनी ते तसंच्या तसं वाजवायचं म्हणजे नक्कलच ना? — एक निवृत्त शिक्षिका

बाई, तुम्ही पाहिलेला बँड बहुधा सांत आंद्रेऊ जॅझ बँड असणार. बार्सिलोनाच्या सांत आंद्रेऊ भागातल्या संगीतशाळेत जोआन चामोरो यांनी 2006 मध्ये तो सुरू केला. सहा-सात वर्षांच्या मुलांपासून विशीतल्या मुलांपर्यंत सगळे एकाच मंचावर बसतात. ट्रम्पेट वाजवून गाणारी आंद्रेआ मोतीस याच बँडमधून पुढे आली. तिचा जन्म 1995 चा. ट्रोम्बोन वाजवणारी आणि गाणारी रीता पायेसही तिथलीच. त्यांच्या वादनात स्विंगच्या, म्हणजे मोठ्या बँडच्या नाचायच्या जॅझच्या, काळातली गाणी जास्त असतात. मी ज्याला पारंपरिक म्हणते ते अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहराचं जॅझ त्याच्याही आधीचं. पण मुलांच्या शिकण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. रेकॉर्ड ऐकायची, वादकाची फेरी, म्हणजे त्याने एकट्याने वाजवलेला तुकडा, गळ्यात बसेपर्यंत गुणगुणायची आणि मग ती वाद्यावर काढायची. कागद नंतर.

नक्कल हा शब्द मीही एकदा वापरला होता. नेदरलँड्समधल्या ब्रेडाला राहायला गेले त्या पहिल्याच वर्षी. तिथे 1971 पासून दर मे महिन्याच्या सुमारास जॅझ महोत्सव भरतो आणि गावाच्या मधल्या चौकात, ख्रोटे मार्क्टवर, फुकट कार्यक्रम असतात. पावसाची भुरभुर होती. मंचावर सहा मुलं, सगळी विशीच्या आसपासची. दोघं फ्रान्सची, एक डेन्मार्कचा, बाकीची डच. त्यांनी ‘हाय सोसायटी’ सुरू केलं. हे मुळात एक मार्च, म्हणजे संचलनाची चाल. त्यातली क्लॅरिनेटची एकट्याची फेरी न्यू ऑर्लीन्सच्या अल्फॉन्स पिकू यांच्या नावाने ओळखली जाते. बँडच्या लिखित संगीतात पिकोलो या छोट्या बासरीसाठी जो भाग होता, तो त्यांनी क्लॅरिनेटवर आणला. तेव्हापासून या शैलीचा क्लॅरिनेटवादक म्हणवून घ्यायचं तर ती फेरी यावीच लागते, सूर न् सूर.

त्या मुलाने ती वाजवली. माझ्या शेजारी कानात यंत्र लावलेले एक आजोबा उभे होते. डोळे मिटलेले आणि उजव्या हाताची बोटं छत्रीच्या दांड्यावर चाललेली. एकेक सूर त्यांना ठाऊक होता. फेरी संपली. मला वाटलं, झालं. पण मुलगा थांबला नाही. दुसऱ्या फेरीत त्याने पिकूंची पहिली ओळ घेतली, मध्येच ती खालच्या सप्तकात उतरवली, तिथे लाकडासारखा जाड सूर लावून चार मात्रा धरला आणि तिथून असा काही वर चढला की ट्रम्पेटवाली मुलगी वाजवायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली. आजोबांची बोटंही थांबली होती. ही फेरी त्यांना ठाऊक नव्हती.

कार्यक्रमानंतर मी त्याला विचारलं, दुसरी इतकी सुंदर होती तर पहिली कशाला? तो म्हणाला, “पहिलीत चुकलो तर या चौकातल्या प्रत्येकाला कळतं. दुसरीत चुकलो तर फक्त मला कळतं. पहिली नीट आली नाही तर दुसरीवर माझा भरवसा बसत नाही.”

आपल्याकडे गवय्याने घेतलेल्या ‘जागा’ म्हणतात ना, तोच शब्द मला त्या दिवशी आठवला. आधी गुरूच्या जागा गळ्यात बसतात, मग स्वतःच्या सापडतात. त्याला आपण कधी नक्कल म्हटलं नाही, तालीम म्हटलं. मग त्या मुलाला वेगळा न्याय का लावायचा?

आणि शंभर वर्षांपूर्वीचं, म्हणजे पणजोबांचं संगीत म्हणताना एक गोष्ट आपल्या लक्षातून जाते. ते रचलं तेव्हा ते लोक पणजोबा नव्हते. किंग ऑलिव्हरच्या क्रेओल जॅझ बँडने एप्रिल 1923 मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी पहिल्या रेकॉर्ड केल्या, तेव्हा दुसरं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, पण आखूड वाद्य) वाजवणारा लुई आर्मस्ट्राँग एकवीस वर्षांचा होता. पियानोवरची लिल हार्डिन पंचवीसची. कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेकने 1924 मध्ये पहिली रेकॉर्ड केली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. चौकातली ती सहा मुलं आपल्याच वयाच्या माणसांचं संगीत वाजवत होती.

नक्कल कुठे होते तेही सांगते, कारण ती होते. 1923 साली रेकॉर्ड करायला मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवत आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरत जाई. मोठ्या ढोलाने सुई उडेल अशी भीती, म्हणून ऑलिव्हरच्या बँडमधल्या ड्रमवाल्या बेबी डॉड्सने बरंचसं काम लाकडी ठोकळ्यांवर भागवलं. बासवादक बिल जॉन्सनने तिथे बँजो वाजवला. आर्मस्ट्राँगचा सूर इतका दणदणीत की त्याला इतरांपासून दूर उभं केलं होतं, असं लिल हार्डिन सांगत. त्या रेकॉर्ड प्रमाण मानून, आपल्याकडे पूर्ण ड्रम असताना कुणी जन्मभर टकटक ठोकळेच वाजवत बसला, तर त्याने संगीत न घेता यंत्राची अडचण उचलली. असे बँड मी ऐकलेत. चांगली तरुण मुलं हा फरक जाणतात. बेबी डॉड्स प्रत्यक्ष नाचाच्या हॉलमध्ये कसा वाजवत असेल, यावर मी त्यांना रात्री दोनपर्यंत हुज्जत घालताना पाहिलंय.

आमच्या मुलाला हे संगीत आवडतं, म्हणून आम्ही दोघांनीही ऐकून पाहिलं. पण ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ट्रोम्बोन तिन्ही एकदम वाजतात आणि नुसता कल्ला वाटतो. कसं ऐकावं? — आई-वडील

एकच रेकॉर्ड तीनदा ऐका. जुन्या तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची, म्हणजे दहा मिनिटांत काम होतं.

पहिल्यांदा फक्त ट्रम्पेट किंवा कॉर्नेट. चाल त्याच्याकडे असते. दुसऱ्यांदा फक्त क्लॅरिनेट. ते चालीच्या वरून, दुप्पट वेगाने, वेलबुट्टी काढत जातं. तिसऱ्यांदा ट्रोम्बोन. ते खालून आधार देतं आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत घसरत्या सुराने पुढच्या ओळीला ढकलतं. या घसरत्या वादनाला ‘टेलगेट’ म्हणतात. जाहिरातीसाठी घोडागाडीवरून वाजवत फिरताना लांब दांडी हलवायला जागा हवी म्हणून ट्रोम्बोनवाला गाडीच्या मागच्या फळीवर बसायचा, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. या तिघांना मिळून ‘फ्रंट लाइन’ म्हणतात. चौथ्यांदा ऐकाल तेव्हा कल्ला वाटणार नाही. एकाच घरातली तीन माणसं एकमेकांना न तोडता बोलताहेत, असं ऐकू येईल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ब्रेडात एका जुन्या ब्राऊन कॅफेत रविवारी दुपारी कुणीही वाद्य घेऊन यावं आणि सामील व्हावं अशी प्रथा होती. तंबाखूच्या धुराने काळवंडलेल्या लाकडी भिंती, खिडकीत मांजर. दीड वर्ष शिकल्यावर मी धीर केला. घरी बसवलेलं सगळं मला एका गाण्यात वाजवून दाखवायचं होतं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मी थांबले नाही. कॉर्नेटवर एक अठरा वर्षांची मुलगी होती. गाणं संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, “मी श्वास घेते ना, ती तुमची जागा. मी बोलत असते तेव्हा थोडं थांबाल?” पुढच्या गाण्यात ती प्रत्येक ओळीच्या शेवटी भुवई उचलून मला खूण करत राहिली. त्या दुपारी मला पहिल्यांदा ट्रोम्बोनवाला काय वाजवतो ते ऐकू आलं. इतके दिवस तो शेजारीच उभा होता.

ही मुलगी हे कुठे शिकली? शाळेत नाही. तिच्या गावच्या बँडमधल्या सत्तरीच्या माणसांच्या शेजारी उभी राहून. युरोपात ही साखळी लांब आहे. इंग्लंडचा ट्रम्पेटवादक एन्रिको टोमासो सात वर्षांचा असताना, 1968 साली, आर्मस्ट्राँग लीड्सजवळच्या विमानतळावर उतरला आणि या पोराने त्याच्यासाठी तिथेच ट्रम्पेट वाजवलं. आज टोमासो साठी ओलांडून गेलाय आणि त्याच्या शेजारी विशीतली मुलं उभी राहतात. या साखळीत मधे एकच माणूस आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काळ्या अमेरिकी लोकांनी घडवलेलं संगीत गोऱ्या युरोपीय मुलांनी वाजवावं का? त्यांना तो हक्क कुणी दिला? — महाविद्यालयीन विद्यार्थी

प्रश्न योग्य आहे आणि तो टाळणाऱ्यांचा मला राग येतो. आर्मस्ट्राँग, ऑलिव्हर, डॉड्स बंधू (ड्रमवाला बेबी आणि क्लॅरिनेटवाला जॉनी), बेशे या माणसांना त्यांच्याच देशात अनेक हॉटेलांत खोली मिळत नव्हती. हे ठाऊक नसताना त्यांचे सूर वाजवणं मला मान्य नाही. काही महोत्सवांच्या जाहिरातींवर हे संगीत म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं आणि गवती टोप्या एवढंच दिसतं, तेही मला खटकतं. ‘डिक्सीलँड’ हा शब्द माझ्या ओळखीतली बरीच तरुण मुलं आता वापरत नाहीत. डिक्सी म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग, गुलामगिरीचा मुलूख. ती मुलं न्यू ऑर्लीन्स जॅझ म्हणतात, हॉट जॅझ म्हणतात. एका तरुण बँडची रीत मला फार आवडायची. दर गाण्याआधी ते कुणाचं, कोणत्या साली, कुणी वाजवलं हे सांगायचे. दहा सेकंद लागतात त्याला.

पण हक्काचं म्हणाल, तर युरोप आणि हे संगीत यांची गाठ त्या काळ्या वादकांनीच मारली. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा सिडनी बेशे 1919 सालीच लंडनमध्ये वाजवून गेला होता. नोव्हेंबर 1949 मध्ये तो पुन्हा लंडनला आला, तेव्हा तिथल्या वादक संघटनेच्या आग्रहामुळे परदेशी वादकांना जवळजवळ बंदी होती. विंटर गार्डन थिएटरात इंग्लिश ट्रम्पेटवादक हम्फ्री लिटल्टनचा बँड वाजवत होता. प्रेक्षकांत बसलेल्या बेशेला मंचावर बोलावलं गेलं आणि त्याने वाजवलं. आयोजकांवर खटला होऊन दंड झाला. लिटल्टन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. पुढे बेशे फ्रान्समध्येच स्थायिक झाला आणि क्लोद ल्युतेरच्या तरुण फ्रेंच बँडबरोबर वाजवत राहिला. 1959 मध्ये, आपल्या वाढदिवशीच, तो तिथे वारला. त्या बँडच्या मुलांनी वाईट वाजवलं की तो चिडायचा, मग त्यांच्याकडून ते पुन्हा बसवून घ्यायचा. शिकवायची इच्छा नसती तर तो एवढी तसदी घेताच ना.

उलट दिशेने गेलेला माणूस म्हणजे केन कोलियर. हा लंडनचा कॉर्नेटवादक व्यापारी जहाजावर नोकरीला लागला आणि 1952 मध्ये अलाबामातल्या मोबील बंदरात जहाज सोडून न्यू ऑर्लीन्सला पोचला. काळे-गोरे एकत्र बसणं तिथे कायद्याने अडवलेलं असताना तो म्हाताऱ्या काळ्या वादकांच्या शेजारी बसून वाजवू लागला. मुदतीपेक्षा जास्त राहिला म्हणून तुरुंगात गेला आणि 1953 मध्ये परत पाठवला गेला. इंग्लंडमधल्या पुढच्या दोन पिढ्या त्याच्याकडून शिकल्या. क्लॅरिनेटवादक जॉर्ज लुईस 1957 मध्ये इंग्लंडला आला, तेव्हा कोलियरचाच बँड त्याच्याबरोबर फिरला.

नेदरलँड्सची गोष्ट आणखी वेगळी. जर्मनांच्या ताब्यात असताना तिथे 1942 मध्ये काळ्या लोकांच्या संगीताच्या खुणा असलेल्या वादनावर बंदी आली. त्या काळात हेगमध्ये काही तरुण मुलं चोरून हेच वाजवत होती. 5 मे 1945, देश मुक्त झाला तो दिवस हा त्यांच्या डच स्विंग कॉलेज बँडचा जन्मदिवस. मला हे सांगणाऱ्या आजीबाईंच्या घराच्या भिंतीवर त्या बँडचा फोटो लग्नाच्या फोटोशेजारी लावलेला होता. त्या लोकांसाठी हे संगीत परकं राहिलंच नव्हतं.

तेव्हा माझं उत्तर असं : वाजवावं, नावं घेऊन वाजवावं आणि त्यातल्या माणसांवर काय बेतलं होतं ते वाचून वाजवावं.

ताई, मी क्लॅरिनेट वाजवते आणि सप्टेंबरपासून दोन वर्षं शिकायला युरोपात असेन. या मुलांमध्ये मिसळायचं असेल तर कुठे जाऊ? मला भीती वाटते. — एक विद्यार्थिनी

तुझं पत्र वाचून मी माझं क्लॅरिनेट खोक्यातून बाहेर काढलं, हे आधी सांगते.

मे महिन्यात ब्रेडा. त्याच सुमारास जर्मनीत ड्रेस्डेनचा महोत्सव असतो. तोही 1971 पासूनचा आणि मोठा. स्वित्झर्लंडमध्ये आस्कोनाला उन्हाळ्याच्या सुरुवातीला तळ्याकाठी वाजवतात. पॅरिसला गेलीस तर ह्युशेत नावाच्या गल्लीतल्या तळघरात, कावो द ला ह्युशेतमध्ये, 1946 पासून जॅझ चालू आहे आणि दगडी कमानीखाली लोक नाचतात. लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा 100 क्लब 1942 पासूनचा. फ्रान्सच्या मालो माझुरिएचं ट्रम्पेट कुठे लागलं असेल तर चुकवू नकोस. बर्लिनमध्ये डेव्हिड हर्मलिन आहे. 2000 साली जन्मलेला. वडिलांच्या स्विंग ऑर्केस्ट्रात तो ड्रम वाजवतो, गातो आणि बुटांनी ताल धरून नाचतोही.

नाचणाऱ्यांशी ओळख कर. ही मुलं या संगीताकडे वळली त्याचं एक मोठं कारण नाच आहे, हे बाहेरून लक्षात येत नाही. स्वीडनमध्ये हेर्रेंग नावाच्या खेड्यात 1982 पासून दर उन्हाळ्यात लिंडी हॉप नाचाचं शिबिर भरतं. लिंडी हॉप म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेममधला 1920-30 च्या दशकांतला जोडीचा नाच. तो शिकलेली मुलं आपापल्या गावी परतली की त्यांना वाजवणारं कुणी तरी हवं असतं, आणि रेकॉर्डपेक्षा जिवंत बँड. खुर्चीत बसून ऐकणारे पांढऱ्या केसांचे लोक तर होतेच. त्यांच्यापुढे आता घामाने भिजलेली विशीतली मुलं आली, तसे बँडही तरुण झाले.

ब्रेडाच्या त्या मुलाकडे अल्बर्ट पद्धतीचं, म्हणजे भोकं आणि चाव्यांची जुनी रचना असलेलं, जुन्या बाजारातून आणलेलं क्लॅरिनेट होतं. जॉनी डॉड्स, जॉर्ज लुईस तसलंच वाजवत. त्याने ते माझ्या हातात दिलं तेव्हा भोकं इतकी लांब लांब होती की माझी बोटं पोचेनात. तू त्याच्या मागे लागू नकोस, आहे त्याच क्लॅरिनेटवर आधी ‘हाय सोसायटी’ बसव.

पहिल्या रविवारी वाद्य घेऊन जा, पण खोक्यातच ठेव. दोन तास ऐक. कोण कुणाकडे बघतं ते पाहा. पुढच्या रविवारी कुणी तरी बोलावेलच. तेव्हा गाण्याचं नाव सांगतील आणि ते कोणत्या सुरात वाजवायचं ते बोटांनी दाखवतील, कारण गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही. एक बोट खाली म्हणजे एफ, दोन बोटं खाली म्हणजे बी फ्लॅट, तीन म्हणजे ई फ्लॅट. पण ते पियानोचे सूर. तुझ्या बी फ्लॅट क्लॅरिनेटवर दोन बोटं म्हणजे सी, एक बोट म्हणजे जी, तीन बोटं म्हणजे एफ. हे पाठ करून जा. मला ठाऊक नव्हतं आणि पहिलं अख्खं गाणं मी पूर्ण एक सूर खाली वाजवलं. कुणी डोक्यावर हात ठेवला की पुन्हा मूळ चालीवर यायचं. ट्रम्पेटवाल्याने एक पाय उचलला की ही शेवटची फेरी. त्या पायाकडे लक्ष ठेव.